आठवा कोण

शेजारच्या आजोबांनी पिकअपच्या मागच्या फळीवर खडूने आठ गोल काढले. दोन रंगवले, थोडं थांबून आणखी चार रंगवले आणि खडू माझ्या हातात दिला. "हे दोन रिकामे. बोल, कोणाला घ्यायचं?"

तारीख १४ सप्टेंबर २०२४, शनिवार. जागा, ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिस गावातल्या रीसर स्टेडियमबाहेरचं पार्किंग. सामना सुरू व्हायला दोन तास होते. आजूबाजूला शेगड्या पेटल्या होत्या, नारिंगी टोप्या घातलेली माणसं खुर्च्या टाकून बसली होती आणि आमच्या डब्यातल्या बटाटेवड्यांवर तीन अनोळखी लोकांनी आधीच हक्क सांगितला होता. आजोबांना वडा आवडतो, पण त्यातल्या मिरचीबद्दल ते दर वर्षी नव्याने तक्रार करतात.

हे गोल कसले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी या गावात आलो त्या पहिल्याच आठवड्यात आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले होते, "आमची कॉन्फरन्स देशात सगळ्यात भारी आहे." मी नम्रपणे विचारलं, "विषय काय असतो?" मला वाटलं, पेपर वाचतात, मधे चहा असतो, शेवटी आभारप्रदर्शन. आजोबा हसले नाहीत. ते मला घरात घेऊन गेले आणि तासभर समजावत बसले.

इथे कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचं खेळापुरतं कुटुंब. दहा-बारा विद्यापीठं एकत्र येतात, दर वर्षी एकमेकांशी अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, पोहणं, सगळं खेळतात. सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क एकत्र विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळाडूंचे मित्र आणि एखादी हौशी आई सोडून कोणी फिरकत नाही, त्यामुळे ही गोष्ट पटायला वेळ लागतो. कोर्व्हॅलिसची वस्ती साठ हजारांच्या आसपास आणि स्टेडियमात माणसं बसतात पस्तीस हजार. कऱ्हाडच्या कॉलेजची मॅच बघायला निम्मं कऱ्हाड तिकीट काढून येतंय, अशी कल्पना करा.

आमचं कॉलेज ओरेगॉन स्टेट. मुळात शेतकी कॉलेज. लायनस पॉलिंग इथे शिकला, १९२२ साली पदवी घेऊन गेला आणि पुढे दोन नोबेल पारितोषिकं मिळवली. पण आजोबांच्या लेखी गावाच्या इतिहासातली मोठी तारीख ११ नोव्हेंबर १९६७ ही आहे. त्या दिवशी चिखलाने भरलेल्या मैदानावर ओरेगॉन स्टेटने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या यूएससीला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठाला, ३-० ने हरवलं. यूएससीकडे ओ. जे. सिम्प्सन होता, तो पळत राहिला, पण फळ्यावर शून्य. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते, वडिलांच्या रेनकोटात शिरून बसले होते. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी चिखल थोडा वाढलेला असतो.

आजोबांची ती भारी कॉन्फरन्स १९१५ साली पोर्टलंडमधल्या एका हॉटेलात जन्मली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि आमचं तेव्हाचं ओरेगॉन शेतकी कॉलेज, असे चौघे. मधे एकदा मोडली, पुन्हा जुळली. सदस्य वाढतील तसं नाव बदललं, पॅक म्हणजे पॅसिफिक आणि पुढे आकडा: पॅक-८, १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली म्हणून पॅक-१०, २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आली म्हणून पॅक-१२. नावातच आकडा असलेली संस्था. असं नाव ठेवू नये. घरावर 'बारा भाऊ निवास' अशी पाटी लावली की एक भाऊ वेगळा झाला तरी रस्त्यावरच्या माणसाला दिसतं.

आणि भाऊ वेगळे झालेच. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी बिग टेन नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार असल्याचं जाहीर केलं. बिग टेन ही मधल्या प्रांतातली, शिकागोच्या आसपासची. तिने अमेरिकेचा पूर्व किनारा आधीच गाठला होता; २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स घेतलं होतं. रटगर्सच्या फुटबॉलसाठी कोणी जीव टाकत नव्हतं. ते घेतलं न्यूयॉर्कच्या परिसरात जितक्या घरांत केबल आहे तितक्या घरांतून चॅनेलचे पैसे मिळावेत म्हणून. माझे साडू न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. त्यांनी आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एक सामना पाहिलेला नाही, पण बिग टेनने रटगर्सला घेतलं त्यात त्यांच्या केबलच्या बिलाचाही खारीचा वाटा आहे.

पुढच्या वर्षी, जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच गेले: ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग ट्वेल्व्ह नावाच्या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी एसीसी, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळवला. पॅसिफिकच्या काठावरची दोन कॉलेजं अटलांटिकच्या काठाची झाली, आणि तीही पहिली काही वर्षं तीस टक्के वाट्यावर. त्यांच्याबरोबर आत गेलेल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर सांगितलं की आम्हाला नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा नको, फक्त आत घ्या.

उरले दोन. ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोन्ही लहान गावांतली, दोन्ही मुळात शेतकी. टीव्हीवाल्यांना त्यांच्यात रस नव्हता. लोक थट्टेने पॅक-२ म्हणू लागले.

पॅक-१२ चं चुकलं कुठे याचा पाढा आजोबा रोज म्हणत. २०११ मध्ये ओक्लाहोमा यायला तयार होतं, नको म्हणाले. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बाहेर पडायचं ठरवल्यामुळे बिग ट्वेल्व्ह उघडी पडली होती, तेव्हाही यांनी वाढायचं नाही असं ठरवलं. त्याच आठवड्यात बिग टेन आणि एसीसीशी मैत्रीची घोषणा केली, एकमेकांना धक्का लावायचा नाही अशा थाटात, कागदावर सही न करता. दहा महिन्यांत त्याच मित्राने घरातले दोन कर्ते मुलगे नेले. आपल्याकडे सातबारा डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस सख्ख्या मेहुण्यालाही विसार देत नाही.

बिनसहीचा करार गिळता येईल. मला जास्त खटकायचा तो त्यांचा तोरा. आयडाहो राज्यातल्या बॉइझी स्टेट कॉलेजचं नाव निघालं की नाकं मुरडली जायची: अभ्यासात आपल्या तोडीचं नाही, मैदान निळं आहे. मैदान खरंच निळं आहे, १९८६ पासून. पण त्याच बॉइझीने १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात ओक्लाहोमाला ४३-४२ ने हरवलं होतं. तो शेवटचा डाव मी फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना बघितला आणि खुर्चीवरून उठलो.

तर सप्टेंबर २०२४. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची शिखर संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या नियमानुसार कॉन्फरन्स म्हणून जगायला फुटबॉल खेळणारे आठ सदस्य लागतात आणि कमी पडले तर दोन वर्षांची सवलत मिळते. ही मुदत २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होती. त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी बातमी आली की माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून चौघे येताहेत: बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट. दोन आणि चार सहा. म्हणून फळीवर दोन गोल रिकामे.

त्या दिवशी सामना ओरेगॉन विद्यापीठाशी होता. चाळीस मैलांवरचं यूजीन गाव, १८९४ पासूनचं वैर, आणि पहिल्यांदाच दोघे वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये. हिरव्या सदऱ्यांतले त्यांचे लोक आमच्या शेगड्यांमधून वाट काढत चालले होते.

मी खडू घेतला आणि म्हणालो, "यूएनएलव्ही." लास व्हेगासचं विद्यापीठ. मी इंजिनिअर माणूस, रात्री एक्सेलमध्ये तक्ता केला होता: टीव्ही असलेली घरं, स्टेडियम, गेल्या पाच वर्षांतले विजय, पोर्टलंडहून थेट विमान. प्रत्येक रकान्याला वजन दिलं होतं. लास व्हेगास सगळ्यांत वर आलं.

आजोबांनी तक्ता चष्मा वर करून बघितला. "युटा स्टेट," ते म्हणाले.

"त्यांचं गाव केवढंसं आहे!"

"आपलं केवढं आहे?"

त्यांचा मुलगा फोनवरून मेम्फिस आणि टुलेन सांगत होता. पलीकडच्या शेगडीवरचा एक दाढीवाला सॅक्रामेंटो स्टेटच्या बाजूचा. 'सॅक-१२' अशी घोषणाच त्याने दिली. शब्दाचा खेळ चांगला, मी त्याला एक वडा दिला. माझी मुलगी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, ती गणवेशात घाईघाईने येऊन गेली आणि म्हणाली, गोंझागाला घ्या. गोंझागा म्हणजे स्पोकेन गावचं जेझुइटांचं कॉलेज, बास्केटबॉलमध्ये दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेलेलं, पण फुटबॉल त्यांनी १९४१ नंतर बंदच केला. "अगं, आठ फुटबॉलवाले लागतात," मी म्हटलं. "बाबा, त्यांचे प्रेक्षक बघितलेत का तुम्ही?" असं म्हणून ती गेली.

असा वाद मी आधी ऐकला होता. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर.

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेला आठ निमंत्रित संघ असत. वही आमच्या आण्णांकडे. सात नावं दोन मिनिटांत लिहून होत, आठव्यावर रात्र जाई. एक वर्ष प्रश्न आला: मुंबईचा एक कंपनीचा संघ बोलवायचा की नदीपलीकडच्या गावाचा? नदीपलीकडच्यांशी आमचं बांधावरून, पाण्यावरून, जत्रेतल्या कुस्तीच्या निकालावरून, कशावरूनही वाजायचं. पण त्यांचा संघ आला की मागून चार ट्रॅक्टर भरून माणसं यायची. मुंबईवाल्यांना जाण्या-येण्याचा खर्च, राहायची सोय, वर मानधन. आण्णा म्हणाले, "मुंबईचं येत्याल, जिंकत्याल, जात्याल. मागनं वर्षभर बोलायला काय उरंल?"

इथे मला म्हणता आलं असतं की आण्णांचं खरं ठरलं. तसं झालं नाही. मंडळाने मुंबईचा संघ बोलावला, गॅलरी कधी नव्हे इतकी भरली, तिकिटांच्या पैशातून देवळावर नवे पत्रे पडले. त्या संघाच्या एका चढाईपटूची पायाची फेक अजून गावात सांगतात. नदीपलीकडच्यांनी दोन वर्षं आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका धाडल्या नाहीत, एवढंच.

आजोबांना मी हे सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विजय हजारेंचंही सांगितलं. मुंबईच्या जुन्या क्रिकेट स्पर्धेत हाच प्रश्न तीस वर्षं चालला होता. आधी फक्त युरोपियन आणि पारशी. १९०७ मध्ये हिंदूंना घेतलं, तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांना घेतलं, चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्यात ख्रिस्ती आणि जे कुठेच बसत नव्हते ते सगळे. त्याचं नावच 'द रेस्ट'. उरलेले. सांगलीचे हजारे ख्रिस्ती, म्हणून या उरलेल्यांत. १९४३ च्या डिसेंबरात अंतिम सामन्यात समोर हिंदूंचा संघ, त्यांच्या ५८१ धावा. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ वर संपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला, २१ धावा करून. दोघांची भागी ३०० ची.

"आणि जिंकले?"

"डावाने हरले."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं हजारे कधी जन्मले. मी म्हटलं, १९१५. "आमची कॉन्फरन्स पण," असं म्हणून त्यांनी रंगवलेल्या पहिल्या दोन गोलांखाली खडूने 'द रेस्ट' असं लिहिलं.

समोरून हिरव्या सदऱ्यांचा एक मोठा घोळका गेला. आजोबा हळूच म्हणाले, "शंभर वर्षांचं घर सोडून पैशासाठी गेले."

मी हातातल्या वड्याकडे बघत राहिलो. पुण्यातली कायमची नोकरी सोडून मी इथे आलो तेव्हा कारण हवामान नव्हतं. रविवारी फोनवर दादाला ही सगळी भानगड सांगितली, तर तो म्हणाला, "मग त्यांचं काय चुकलं? तू न्हाई गेलास?" दादा गावातल्या घरात राहतो, आण्णांची वही त्याच्याकडे आहे. तो हे रागाने बोलला नाही. त्याने लगेच ऊस कधी तुटतोय ते सांगायला सुरुवात केली, आणि मला पुढचं अर्धं कळलं नाही.

आजोबांना मी दादाचं वाक्य आठवड्याने सांगितलं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत. म्हणाले, "आम्हाला बिग टेनने बोलावलं असतं, तर आम्ही त्याच रात्री सामान बांधलं असतं. कोणी बोलावलं नाही, म्हणून आम्ही निष्ठावंत."

निष्ठावंतांनी पुढे केलं ते बघण्यासारखं होतं. २०२४ साली आमच्या दोन अनाथ संघांना सामने कोणी दिले? माउंटन वेस्टने, एक कोटी चाळीस लाख डॉलर घेऊन. त्या करारातच कलम होतं: आमचे संघ फोडलेत तर पहिल्यासाठी एक कोटी डॉलर, आणि पुढच्या प्रत्येकासाठी पाच-पाच लाख चढत. आमच्या लोकांनी सही केली, तिचे सामने खेळता खेळताच तिची माणसं उचलली, आणि दंड बेकायदा आहे म्हणून कोर्टात गेले. नंतर आलेला एक धरून पाच संघांचा हिशोब साडेपाच कोटी होतो. २०२२ मध्ये यूएससीला दिलेल्या शिव्या मला आठवत होत्या. आजोबांनाही आठवत असाव्यात, कारण या विषयावर ते फार बोलत नाहीत.

त्या शनिवारी आम्ही ४९-१४ ने हरलो.

पुढचे पंधरा दिवस पाटावरच्या सोंगट्या सरकाव्या तसे गेले. मेम्फिस, टुलेन आणि त्यांच्या जोडीच्या दोघांनी सांगितलं, आम्ही आहोत तिथे बरे आहोत. युटा स्टेट आलं. आजोबांनी माझ्या दारात येऊन काही न बोलता खडू दाखवला. माझं यूएनएलव्ही जागचं हललं नाही. माउंटन वेस्टने फुटलेल्यांकडून येणाऱ्या पैशातला मोठा वाटा त्याला देऊ केला होता. माझ्या तक्त्यात 'समोरच्याला यायचं आहे का' असा रकानाच नव्हता. १ ऑक्टोबरला गोंझागा आलं, मुलीने तीन उद्गारचिन्हांचा निरोप पाठवला. पण फुटबॉल नसल्याने तो नववा पाहुणा. आठवा गोल रिकामाच.

तो नऊ महिने रिकामा राहिला. पिकअपवरचा खडू पावसाने केव्हाच धुतला गेला होता. दरम्यान आमच्या बेसबॉलच्या पोरांनी कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय अख्खा हंगाम काढला आणि २०२५ मध्ये ओमाहाला, देशातल्या शेवटच्या आठांत जाऊन पोचले. आठ हा आकडा गावाच्या मागेच लागला होता. माउंटन वेस्टही तोवर आपली भोकं बुजवत होती: एल पासोचं टेक्सस विद्यापीठ घेतलं, कॅलिफोर्नियातलं डेव्हिस घेतलं. ज्यांच्याकडून घेतलं ते आणखी कोणाच्या दारात. दिल्ली ते गल्ली सगळ्यांचा आठवा शेजारच्या घरात जेवत बसलेला असतो.

३० जून २०२५ ला आमचा आठवा ठरला: टेक्सस स्टेट, सॅन मार्कोस गाव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तिथले विद्यार्थी. वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमन गावापासून विमानाच्या रेषेत अडीच हजार किलोमीटर. टेक्ससमध्ये टीव्ही भरपूर, चांगले खेळाडू भरपूर, माझ्या तक्त्यात ते टाकलं असतं तर वर आलं असतं. त्या पार्किंगमध्ये मात्र एकानेही त्याचं नाव घेतलं नव्हतं.

संध्याकाळी आजोबा रस्त्यांचा नकाशा घेऊन आमच्या ओसरीत आले. फोनवर बघत नाहीत, कागद लागतो. बोटाने मोजत मोजत बॉइझी, युटा, न्यू मेक्सिको असं खाली सरकत गेले. तीन हजार किलोमीटरच्या वर भरलं.

"रोज दहा-बारा तास चालवलं तर तीन दिवस," ते म्हणाले. "वडे तीन दिवस टिकतात?"

"नाही टिकत."

बायको आतून म्हणाली, दशम्या टिकतील, सोबत शेंगदाण्याची चटणी देते. मी दशमी म्हणजे काय ते समजावून सांगितलं: दुधात भिजवलेल्या पिठाची, प्रवासाची भाकरी. आजोबांनी नकाशा घडी घालून ठेवला आणि विचारलं, तिच्यात मिरची असते का.